केसरबाई गप्प बसायची ती ओळ

केसरबाई,

कॅसेटवरची आठही गाणी तू रचलीस, हे आधीच लिहून टाकते. लोक शेवटपर्यंत वाचतातच असं नाही. उंद्रीच्या रानात कपाशी निंदताना तू ओळी जुळवायचीस आणि संध्याकाळी नवऱ्याला म्हणून दाखवायचीस. इंद्रभान पेटी वाजवायचे, तू दिमडी. भीमजयंतीला तुम्हा दोघांना गावोगावचं बोलावणं.

भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. तू तिथे इंद्रभानचं घातलंस. का, तर बोलावणं त्यांच्या नावानं येतं. बरं, घातलंस ते घातलंस. पण ते गायची वेळ आली की तू तोंड मिटायचीस. मी तेव्हा तुमच्या शाळेवर होते. रागावले. तू म्हणालीस, "त्याईचं नाव मी कसी घेऊ, बाई?"

इंद्रभान शेजारीच पेटी पुसत होते. "नाव घ्याले लाजते," ते म्हणाले, "शिव्या द्याले नाही लाजत."

शहाऐंशी साली अकोल्याला कॅसेट भरली, तेव्हा मी सोबत होते. भिंतींना गोधड्या टांगलेली खोली, पंखा बंद. शेवटची ओळ आली आणि तू गप्प. यंत्रावरच्या माणसाला वाटलं, बाई ओळ विसरली. त्यानं तीनदा पुन्हा गायला लावलं, तीनदा तू तिथेच थांबलीस. मग त्यानं नाद सोडला. आठही गाण्यांचा शेवट एकट्या इंद्रभानच्या आवाजात आहे. वेष्टनावर छापलं : शाहीर इंद्रभान आणि साथीदार. साथीदार म्हणजे तू.

इंद्रभान गेले, त्यालाही नऊ वर्षं झाली, तेव्हा बुलडाण्याहून राजकुमार नावाचे प्राध्यापक जुन्या गायकांची नोंद करायला आले. तुला त्यांनी दीड तास शाहिरांच्या आठवणी विचारल्या. गाणी कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही नि तू सांगितलं नाहीस. चहा मात्र दोनदा केलास. ते गेल्यावर माझ्याकडे आलीस.

"बाई, माह्या गान्यात मले माहं नाव पाह्यजे."

चाळीस वर्षांनी सुचलं, असं मी तुला तोंडावर म्हटलं. मग राजकुमारांना फोन लावून गाणी तुझी आहेत हे सांगितलं. ते म्हणाले, बाईंना घेऊन या, शेवटची ओळ त्यांच्या नावानं, त्यांच्याच आवाजात भरून घेऊ. दुसरा पुरावा कुठून आणणार, असंही ते म्हणाले. सोमवार ठरला. त्या सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. पुढच्या सोमवारी तुझं सोयाबीन सोंगायला आलं. त्याच्या पुढच्याला तू म्हणालीस, घसा बसला आहे, जरा सुटू दे. मी म्हटलं, बरं. तो काही सुटला नाही, आणि दिवाळीनंतर तू गेलीस.

उंद्रीहून बुलडाणा, बसनं तासाभराचं अंतर. आपण गेलो नाही.