फरशीला ओरखडा नको!

बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. ऑफिसातले किस्से मात्र साठत जातात. आमच्या पेपरच्या परभणी जिल्हा कार्यालयात नवी फरशी बसल्यापासून तर ते ठेवायला जागा उरलेली नाही.

फरशी म्हणजे व्हिनाईलच्या पट्ट्या. दिसायला सागवानी, आतून प्लास्टिक. खाली भक्कम शहाबादी होती. तिच्यावर चिखलाचे पाय आले, तक्रारी आल्या, त्यांच्या बातम्या झाल्या. ती झाकली आणि मॅनेजर चौधरींनी दारावर पाटी ठोकली: ‘चपला बाहेर. काठी, पिशवी, सामान फरशीवर टेकवू नये.’

मी भडकलो. “साहेब, गावाकडचा माणूस दारात बिचकला की बातमी दारातूनच परत जाते!”

“बातमी फोनवर घ्या,” ते म्हणाले. “ओरखडा फोनवर निघत नाही!”

*

मे महिना. पाथरीकडची एक आजी गावात पाणी नाही हे सांगायला आली. पाटी वाचता येईना, म्हणून चौधरींनी आतूनच ओरडून सांगितली. तिनं चप्पल काढली आणि तापलेल्या पायरीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत राहिली.

“आवं, देवळात बी सावलीला चपला काढू देत्यात की!” म्हणाली, आणि स्टँडकडे चालू लागली.

मी मागं धावेपर्यंत तिची जीप निघून गेली होती. ती बातमी आम्ही छापली नाही. तिचं गाव कोणतं, हेही विचारायचं राहिलं!

*

पाटी अर्थात गावाकडच्यांसाठी. जाहिरात देणारे बूट घालूनच आत येत. त्यांच्या बुटांचे काळे पट्टे उठले, तेव्हा चौधरींनी मोबाइलवर कुठंतरी वाचलं की टेनिसच्या चेंडूनं घासलं की पट्टे जातात. घासायचं कोणी? क्राइम रिपोर्टर सुनीलनं! त्या दिवशी त्याच्याकडे बातमी नव्हती, हा त्याचा गुन्हा.

तेवढ्यात सेलूचा आमचा वार्ताहर बालाजी आला. बघतो तर सुनील गुडघ्यांवर रांगतोय.

“सुनीलभाऊ, काय हुडकायलाव? काय हरवलं का?”

“इज्जत!” सुनील म्हणाला आणि घासत राहिला.

*

कपाट सरकवताना एक लांब ओरखडा पडला. चौधरींनी घरून इस्त्री आणली. ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली की ओरखडा भरून येतो म्हणे. तेवढ्यात जाहिरातवाल्याचा फोन आला. साहेब बोलत बसले, इस्त्री तिथंच बसली.

पट्टी पापडासारखी फुगली. सगळं ऑफिस गोळा झालं. चौधरींनी वाकून नीट पाहिलं.

“ओरखडा गेला की नाही?”

*

दसऱ्याला कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे यांची पूजा झाली. आरती संपली. आमच्याकडे नारळ मॅनेजरनं फोडायचा आणि दारातल्या शहाबादीवरच फोडायचा, ही जुनी रीत. चौधरींनी भक्तिभावानं डोळे मिटले, हात उंच नेला आणि सवयीनं त्याच जागी दणकन नारळ आपटला.

शहाबादी कुठं होती? पट्टीला खड्डा पडला. नारळ शाबूत!

डोळे उघडून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. “मला कोणी अडवलं का नाही?”

“साहेब, पाटीवर नारळाचं नाव नव्हतं!” बालाजी म्हणाला.

*

आणि नामदेवबापू. सोनपेठकडच्या एका गावच्या शाळा समितीचे अध्यक्ष. त्या दिवशी चौधरी दारापाशी गुडघे टेकून, लाकडी रंगाच्या मेणाच्या कांडीनं एक चरा बुजवत होते. बापूंनी चपला बाहेर काढल्या, पाय धोतराच्या सोग्यानं पुसले. मग टॉवेलात बांधून आणलेलं गाठोडं सोडलं. आत शाळेच्या स्लॅबचा खाली पडलेला तुकडा होता, विटेएवढा, गंजलेल्या सळईसकट.

“मास्तर बाहेर प्रार्थना घ्यायले होते, म्हणून लेकरं वाचली,” ते मला म्हणाले. “तुमी छापा.”

“अहो, ते खाली ठेवू नका!” चौधरी खालूनच ओरडले. “फरशीला चरा पडेल!”

बापूंनी तुकडा छातीशी धरला आणि चौधरींचं काम बघत उभे राहिले. कांडी फिरली, जादा मेण खरवडलं, वरून फडकं फिरलं. चरा दिसेनासा झाला.

“झालं की नाही?” चौधरी खुशीत म्हणाले. “आता सांगा, कुठं होता?”

“लय भारी,” बापू म्हणाले. “आमच्या शाळंला बी असंच बुजवून, रंग मारून गेलते साहेब लोक. आमालाबी असंच इचारलं, कुठं होती भेग?”

आणि त्यांनी तुकडा चौधरींच्या हातात दिला.