आईची टिचकी

आप्पा मडकी घडवायचे आणि आई ती वाजवायची. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक मडक्यावर तिची टिचकी बसायची. खणखणीत वाजलं तर विक्रीला, बद्द वाजलं तर बाजूला. माणसंही ती तशीच पारखायची. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "जरा बद्दच वाजतोय गं, पण चालेल."

फिल्म करणाऱ्या बाई आमच्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचं काम मी कशाला दाखवू? तुम्हीच दाखवा." कॅमेरा शिकवून आमच्याकडेच ठेवून गेल्या. आप्पांनी हात वर केले. आई मात्र हात पुसून तयार! सुरू केल्या केल्या ती कॅमेऱ्यालाही टिचकी मारायची. "वाजवून घेतलेलं बरं," म्हणायची. मग चाक, चिखल, आप्पांचे अंगठे, आप्पांचं टक्कल, सगळं टिपायची.

आणि एका दुपारी जेवता जेवता गेली. आप्पा रडले नाहीत. मीही नाही. मी नुसती बधिर झाले होते. लोक बोलायचे, मी मान हलवायची. आप्पांनी भट्टी लावली, मडकी काढली आणि न वाजवताच विकली. गळकी परत आली, ती मुकाट्यानं बदलून दिली.

"आप्पा, मी वाजवू का?"

"राहू दे."

पुढे बाईंनी फिल्म जोडून आम्हाला बघायला बोलावलं. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच पुरी झाली म्हणायचं, असं त्यांचं ठरलेलं. पडद्यावर आप्पाच आप्पा. आई कुठेच नव्हती. असणार कशी, कॅमेरा तिच्याच हातात! मला हे तोवर सुचलंच नव्हतं.

"काही बदलायचंय?" बाईंनी विचारलं.

आप्पा म्हणाले, "हिची टिचकी कुठाय?"

बाईंना कळेना. मी सांगितलं.

"अहो, ते नको असलेले आवाज समजून मी सुरुवातीचे तुकडे कापले."

"परत लावा."

त्यांनी कापलेले तुकडे शोधून एकापाठोपाठ लावले. टक. टक. टक. एकदा तर बोटही दिसलं, नखात माती. आप्पा भट्टीपाशी कान द्यायचे तसेच मान कलती करून ऐकत राहिले.

घरी येताच त्यांनी नव्या भट्टीतलं एक मडकं माझ्यापुढे धरलं. "वाजव."

मी टिचकी मारली. बद्द की खणखणीत, मला काहीच कळेना.

"पुन्हा," आप्पा म्हणाले.