पांगुळगाड्याचं पुढचं घर

नवव्या महिन्यात मुलगी दाराची चौकट धरून उभी राहिली, तेव्हा बघायला घरात मी एकटीच होते. मी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या घरात त्या फारच मोठ्यानं वाजल्या, पोरगी दचकून खाली बसली.

पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची सात घरांची वाडी. त्यातल्या चार घरांना कुलपं. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. नवरा वरव्याजवळच्या कारखान्यात. तिथं चौघांत एक खोली, रविवारी घरी. भातखाचरं आणि गाय सोडून मी तरी कुठं जाणार? मी भोरच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगत असे, अजूनही सांगते.

शेजारच्या काकी एवढ्याच रोज यायच्या. पोरीला तेल चोळायच्या, ती पालथी पडायला लागली, रांगायला लागली ते सगळं माझ्याबरोबर त्यांनीच पाहिलं. ती उभी राहिल्याचं कळताच त्या पांगुळगाडा घेऊन आल्या. तीन लाकडी चाकं, हात लागून लागून दांडी गुळगुळीत. वाडीतल्या प्रत्येक पोरानं तो ढकललेला, माझ्या नवऱ्यानंही. रीत अशी की ज्या घरचं पोर चालायला लागलं, त्यांनी गाडा पुढच्या घरी पोचवायचा, दांडीला ओंजळभर तांदळाची पुरचुंडी बांधून. शेवटचं पोर काकींचा नातू. त्याला आता पुण्यात मिसरूड फुटलंय. तेव्हापासून काकी पुढच्या घराची वाट बघत होत्या.

मी म्हणाले, "काकी, हे नको. वॉकरनं पोरांचं चालणं उलट लांबतं. मी वाचलंय."

"वाकर कुठाय ह्यात? गाडा हाय ह्यो."

"तेच ते."

"तुज्या नवऱ्याला ह्याच्यावर चालवला म्या. त्याचं पाय वाकडं हायेत का?"

"तसं नाही हो. पण आता शास्त्र बदललंय."

"व्हय बाई," काकी म्हणाल्या. "शिकलेल्या बायांच्या पोरांस्नी पाय आपसूक फुटत्यात."

पुरचुंडी सोडून त्यांनी उंबऱ्यावर ठेवली, गाडा उचलला आणि गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मीही बोलवायला गेले नाही. माझं बरोबर होतं ना!

पोरीचं वर्ष सरलं, चौदावा महिना लागला, पंधरावा लागला. पोरगी भिंत धरून कणगीपर्यंत जायची, कणगी धरून दारापर्यंत. धरायचं संपलं की बसायची. माझ्या माहेरी आम्ही पाच भावंडं. धाकटा चालायला शिकला तेव्हा एकानं सोडायचं, दुसऱ्यानं समोरून बोलवायचं, बाकीच्यांनी ओरडायचं, एवढंच चाललेलं. त्याला कुणी शिकवतंय असं वाटलंसुद्धा नव्हतं. इथं मी तिला सोडायचे आणि बोलवायला धावत पुढं जायचे. मी वळेपर्यंत ती बसलेली.

रविवारी बाप यायचा, पण सहा दिवसांत ती त्याला विसरलेली असायची. भीड चेपेपर्यंत त्याच्या परतीच्या एसटीची वेळ. मग मी मोबाईल कणगीला टेकवून ठेवला. बाप त्यातून "ये, ये" म्हणायचा. ती रांगत जायची, मोबाईल बाजूला सारायची आणि त्याच्या मागं बाप शोधायची. एकदा तिनं असंच शोधलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. मी मोबाईल बंद केला.

शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिले, उभं करून पाहिलं.

"पाय मजबूत आहेत. काही मुलं दीड वर्षापर्यंत वेळ घेतात. घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"गाय."

ते हसले. मी विनोद केला नव्हता. मग मी सांगितलं, पांगुळगाडा आला होता, पण मी परत पाठवला. जरा ऐटीतच सांगितलं. ते म्हणाले, "अहो, आत बसवायचा वॉकर नको. हा उभं राहून ढकलायचा. लक्ष ठेवून द्या की खुशाल."

येताना एसटीत मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. वाचलेलं खोटं नव्हतं. मी ते भलत्याच गोष्टीला लावलं होतं.

पुरचुंडी फळीवर तशीच होती. ती घेतली, पोरीला काखोटीला मारलं आणि काकींच्या अंगणात गेले. त्या सुपात पावटे निवडत होत्या. वर बघितलं नाही.

"काय पायजे?"

"गाडा."

"पुन्ना बदललं का शास्त्र?"

"माझं चुकलं, काकी."

बी.ए. झाल्यापासून हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं. काकींनी दोन-चार पावटे निवडले. मग म्हणाल्या, "गोठ्यात हाय. कोंबडी बसत्या त्याच्यावर. हाकल तिला."

त्या दिवसापासून काकी अंगणाच्या त्या टोकाला बसायच्या, मी ह्या टोकाला. मी पोरीच्या हातात दांडी द्यायचे आणि सोडायचे. काकी हात पसरायच्या, "ये गं माजी म्हातारे, ये!" आठ-दहा दिवसांनी तिनं दांडी आपणहून सोडली, तीन पावलं टाकली आणि काकींच्या मांडीत पडली. माझ्याकडे नाही आली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण काकी रडत होत्या, म्हणून मी हसले.

भात काढून झाल्यावर काकींच्या मुलानं त्यांना गुडघ्यांच्या औषधाला पुण्याला नेलं. टेम्पोत बसताना त्या म्हणाल्या, "कोंबडी तुज्याकडं ऱ्हाऊ दे. अन् गाड्याला पुढचं घर बघ."

"कुठलं, काकी?"

त्यांनी वाडीकडे एकदा बघितलं आणि टेम्पोवाल्याला चल म्हणाल्या. त्या अजून आलेल्या नाहीत.

काल पोरगी गाडा ढकलत काकींच्या दाराशी गेली. कुलपावर दोनदा हात आपटला, थांबली. मी आमच्या उंबऱ्यातून हाक मारली. गाडा तिथंच ठेवून ती मोकळ्या हातांनी अख्खं अंगण चालत माझ्याकडे आली, एकदाही न पडता.

संध्याकाळी गाडा आणायला गेले, तर दांडीवर कोंबडी बसलेली. तिला हाकलायला मन झालं नाही. गाडा तिथंच ठेवून परत आले.