सामानापाशी कोण बसणार

थीम पार्कच्या सहलीत आत्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातल्या एका गृहस्थाबरोबर नाहीशी झाली, आणि परत आली तेव्हा केस सुटलेले, गाल लाल आणि तोंडभर हसू, अशी कुजबूज गल्लीत बरेच दिवस चालू होती. इस्त्रीच्या दुकानात त्या गृहस्थाला मिशा फुटल्या. दुधाच्या केंद्रापर्यंत पोचेपर्यंत तो विधुर झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर त्याला स्वतःचं घर आणि एक समजूतदार मुलगीही देऊन टाकली. सख्ख्या भाचीचं स्थळ बघताना त्यांनी एवढे कष्ट घेतले नव्हते.

आधी आत्याची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर या बातमीची खरी गोडी कळायची नाही. ती खरं म्हणजे एकाच पुतणीची आत्या. पण पुतणीचं ऐकून शेजारी, वाणी, पोस्टमन, सगळेच तिला आत्या म्हणायला लागले. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर ‘राहून गेलं’ म्हणायची. बसमध्ये छत्री राहून गेल्याचं सांगावं तसं. नोकरी शहरातल्या संग्रहालयात. संग्रहालय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मूर्ती आणि तलवारी आल्या असतील, तर त्या वरच्या मजल्यांवर. आत्या खाली, जिन्याच्या बगलेत, सामानघरात. उचलून आत जायची लाकडी फळी, तिच्यामागे भिंतभर खण, आणि खिळ्यांना लटकणारे पितळी बिल्ले. लोक पिशव्या, छत्र्या, हेल्मेटं, कधी वाढदिवसाचा केकसुद्धा तिच्या हवाली करायचे, बिल्ला खिशात टाकायचे आणि वर जायचे. तास दोन तासांनी खाली येऊन म्हणायचे, “काय सुंदर आहे हो वरती!” आत्या म्हणायची, “बिल्ला?”

असं आयुष्य तिच्या वाट्याला कसं आलं? तर एका विशेषणामुळे. लहानपणी जत्रेत मोठा पाळणा आला होता. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, वर बसायला गेला. त्यानं तिला खाली उभं केलं आणि चपला तिच्या ताब्यात दिल्या. उतरल्यावर चपला जागच्या जागी! “आमची बाळी फार विश्वासू आहे,” दादानं घरी येऊन जाहीर केलं. झालं. हुशार माणसाला कधीतरी मूर्खपणा करायची मोकळीक असते, देखण्या माणसाला म्हातारं व्हायची असते. विश्वासू माणसाला कसलीच सुट्टी नाही. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक सहलीत सगळे कुठेतरी वर, आत किंवा पाण्यात, आणि बाळी सामानापाशी.

म्हणून थीम पार्कची गोष्ट निघाली तेव्हा आत्यानं मनाशी एकच ठरवलं. या वेळी आपण बसायचं. बाकावर नव्हे, त्या आगगाडीत. पार्कवाल्यांनी तिला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण जाहिरातीतली तिची वेटोळी बघून पुतणीच्या मुलांनी तिचं नाव अजगर ठेवलं होतं. अजगर वर चढतो, क्षणभर थांबतो आणि मग पोटात खड्डा पाडत खाली येतो. आत्याला तो खड्डा हवा होता. साठी जवळ आली होती, आणि पोटात खड्डा पडण्यासारखं अजून काहीच झालेलं नव्हतं.

बैठक दादाच्या दिवाणखान्यात. या घराण्याची रीत अशी की प्रत्येकानं आधी ‘मला काहीही चालेल’ म्हणायचं, आणि मग जे ठरेल त्याला हरकत घ्यायची. दादा मधल्या खुर्चीत. त्याची मोटार शिकवायची शाळा होती. शिकाऊ माणसांना ‘घाबरायचं नाही!’ म्हणून ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा घोगरा झाला होता. वहिनी डब्यांचा हिशोब मांडून बसलेल्या. पुतणी मुलांना दटावत होती. जावईबापूंनी पार्कचे इतके व्हिडिओ पाहिले होते की आता प्रत्यक्ष जाणं हा त्यांच्या लेखी केवळ उपचार उरला होता. परगावचा चुलतभाऊ फोनवर होता. फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा केलेला, त्यामुळे तो बोलला की बरणीच बोलतेय असं वाटायचं.

“मला काहीही चालेल,” बरणी म्हणाली. “फक्त पाण्याच्या राइड नकोत, हिला सर्दी होते.”

“पाण्याशिवाय थीम पार्क म्हणजे काय, काका!” जावईबापू कळवळले. “माझी सगळी रणनीती पाण्यावर उभी आहे. सगळे लोक शिरल्या शिरल्या उजवीकडे वळतात. आपण डावीकडे वळायचं. आधी अजगर, मग पाणी, मग जेवण.”

“जेवण मग?” वहिनी ताठ झाल्या. “डबे उन्हात ठेवून नासवू का मी?”

“बाहेरचे डबे आत नेऊ देत नाहीत, आई,” पुतणी म्हणाली.

“कोण नेऊ देत नाही ते मी बघते.”

“मी मात्र अजगराच्या पहिल्या डब्यात,” दादानं घोगऱ्या आवाजात घोषणा केली. “हँडल पकडणार नाही. लिहून घ्या.”

आत्यानं इथे संधी साधली. आदल्या रात्री वाक्य घोळवून ठेवलं होतं. “तिथे म्हणे सामान ठेवायला लॉकर असतात.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, जणू तिनं घर विकायची गोष्ट काढली.

“लॉकर?” वहिनी म्हणाल्या. “अहो वन्सं, परक्याच्या कपाटात आपले डबे?”

“किल्ली हरवली म्हणजे?” बरणी.

“आणि तू असताना लॉकर कशाला, बाळे?” दादा इतक्या प्रेमानं म्हणाला की आत्याला त्याच्या डोक्यात चहाची किटली घालावीशी वाटली. “तुझ्यासारखं सामान राखणारं माणूस त्या पार्कात पगार देऊन मिळायचं नाही.”

आत्या आणखी एक पायरी चढली. “मला वाटत होतं, मीही बसेन एकदा. त्या अजगरात.”

आधी पुतणी हसली, मग मुलं, मग बरणी. वाईट हेतूनं कुणीच हसलं नाही, आणि म्हणूनच ते थांबवता येईना.

“आत्या, तुमच्या वयाला झेपायचं नाही ते,” जावईबापू समजुतीनं म्हणाले. “व्हिडिओत एका बाईचा कानातला डूल उडालेला दाखवलाय.”

“दादा माझ्याहून मोठा आहे.”

“त्यांची गोष्ट वेगळी. ते रोज रस्त्यावर मरण बघतात.”

दादानं यावर नम्रपणे मान खाली घातली.

पुढच्या बैठकीत आत्यानं सामानापाशी आळीपाळीनं बसायचं सुचवलं. सर्वांना कल्पना फारच आवडली. पहिली पाळी आत्याची ठरली. दुसरी पाळी कुणाची ते तिथेच बघू असं ठरलं. तिच्या नोकरीत ‘तिथेच बघू’ म्हणणारी माणसं पुष्कळ येत. त्यांच्या छत्र्या वर्षानुवर्षं खणात पडून असत. तरी तिनं हट्टानं नाडीचे बूट घेतले. चप्पल असली तर पायातून निसटेल, हे तिनंही एका व्हिडिओत पाहिलं होतं.

सहलीचा दिवस उजाडला. फाटकावरच्या माणसानं डबे अडवले, आणि वहिनींनी त्याला असं काही ऐकवलं की त्यानं डबे सोडले, वर एक डबा आपण होऊन उचलून आत आणून दिला. जावईबापूंच्या रणनीतीप्रमाणे सगळे डावीकडे वळले. इतर सगळे लोकही डावीकडे वळत होते. त्यांनीही तेच व्हिडिओ पाहिले होते. अजगरासमोर झाडाखाली एक बाक होतं. बघता बघता त्या बाकावर पिशव्या, डबे, टोप्या, स्वेटर, चुलतभावाच्या बायकोची औषधं आणि जावईबापूंचा ड्रोन असा ढीग झाला. उरलेल्या वीतभर जागेत आत्या बसली. नाडीचे बूट घालून.

“वन्सं, निळी पिशवी आडवी करू नका हं!” वहिनींनी लांबून ओरडून सांगितलं. सगळे रांगेत शिरले. पहिला दादा.

अजगर वर चढला. थांबला. खाली आला तेव्हा शे-दीडशे गळ्यांतून जो आवाज निघाला त्यानं आत्याच्या मांडीवरचा डबा थरथरला. तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर दादा उभा.

“पाकीट राहिलं,” दादा म्हणाला.

“पाकीट तुझ्या खिशात आहे. दिसतंय मला.”

दादा ढिगावरचे स्वेटर बाजूला सारून बसला. चेहरा धुऊन वाळत घातलेल्या टॉवेलसारखा. “बाळे, एक सांग. त्याचा ड्रायव्हर कुठे बसतो?”

“ड्रायव्हर नसतो.”

“मग ब्रेक?”

“त्या खोलीत तो टोपीवाला बसलाय ना, तो बटण दाबतो.”

दादानं पाहिलं. “तो तर फोनवर बोलतोय!”

आणि मग आत्याला सगळं उमगलं. शिकवायच्या मोटारीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. दादा उभा जन्म तो दुसरा ब्रेक पायाखाली धरून लोकांना ‘घाबरायचं नाही’ सांगत आला होता. बसमध्ये, रिक्षात, वरातीच्या गाडीत, अगदी न्हाव्याच्या खुर्चीतही त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. तिनं ते शंभरदा पाहिलं होतं, पण सवय म्हणून सोडून दिलं होतं.

“मी अजगराच्या दाराशीच मागे फिरलो,” दादा हळू म्हणाला. “ते सगळे पुढे गेले. त्यांना वाटतंय मी पुढच्या फेरीत आहे.” त्यानं एक स्वेटर मांडीवर ओढला. “घरी कळलं तर ही आयुष्यभर वाजवत बसेल. जावयासमोर तर तोंड दाखवायला जागा नाही.”

“मग?”

“मग काय मग. कुणीतरी सामानापाशी बसायला हवंच ना.” बुडत्या माणसानं ओंडक्याकडे पाहावं तशा आशेनं त्यानं ढिगाकडे पाहिलं. “तुला जायचं तर जा.”

आत्या उभी राहिली. दादाला वाटलं ती आणखी काही म्हणेल, एखादा टोमणा तरी मारेल. ती म्हणाली, “निळी पिशवी आडवी करू नकोस,” आणि चालायला लागली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. पितळी बिल्लाही दिला नाही कुणाला.

रांग संपवून ती बसली. तिच्या शेजारची जागा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेल्या एका अनोळखी गृहस्थाच्या वाट्याला आली. वर चढताना तो म्हणाला, “बाई, तुम्ही याआधी बसलाय का?” आत्या म्हणाली, “साठ वर्षं वाट बघतेय, बोलू नका.” अजगर थांबला. खाली सगळं पार्क, तळं, झाडं, आणि झाडाखाली एका ढिगाला मिठी मारून बसलेला तिचा भाऊ. मग खड्डा पडला. केसातल्या पिना कुठे गेल्या त्या गेल्या. आत्या ओरडली नाही, खदखदा हसत राहिली. शेजारचा मात्र इतका ओरडला की नंतर त्याला उभं राहता येईना. तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर आणलं.

इकडे पाणी उरकून मंडळी बाकापाशी पोचली होती. “बसलात का हो पहिल्या डब्यात?” वहिनींनी विचारलं.

“म्हणजे काय. हँडलसुद्धा पकडलं नाही.”

“आणि वन्सं कुठायत?”

दादानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अजगराच्या दारातून बाळी एका पट्टेरी शर्टाला काखेत धरून येताना दिसली. “अगं, तिला... कुणीतरी ओळखीचं भेटलं. गेली त्यांच्याबरोबर जरा. म्हणून तर मी बसलो इथे.”

वहिनींनी वळून पाहिलं. सुटलेले केस, लाल गाल, आणि काखेत पुरुष. पुढचं सगळं काम त्यांच्या डोळ्यांनी आपसूक केलं.

आत्या जवळ आली. पट्टेरी गृहस्थ आभार मानून आपल्या माणसांत निघून गेला. “कोण हो ते, वन्सं?” वहिनींनी विचारलं. आत्यानं दादाकडे पाहिलं. दादाचा उजवा पाय जमिनीत रुतत चालला होता.

“ओळखीचे आहेत,” आत्या म्हणाली.

“किती दिवसांची ओळख?”

“आजचीच म्हणा ना.”

झालं! इस्त्रीवाला, दूध केंद्र, तिसरा मजला, सगळ्यांची सोय झाली. आत्या संग्रहालयात गेली तरी वहिनी दोन वेळा चौकशीचा फोन करू लागल्या. पुढल्या वर्षी सहलीची बैठक बसली तेव्हा ‘मला काहीही चालेल’च्या आधीच वहिनींनी पहिला ठराव मांडला.

“वन्संना एकटं कुठेही बसवायचं नाही. सतत कुणीतरी बरोबर हवं. राइडमध्येसुद्धा.”

“आणि सामान?” बरणीनं विचारलं.

“सामानाचं मी बघतो,” दादा तत्परतेनं म्हणाला. “तुम्ही सगळे मजा करा.” सगळ्यांना त्याच्या त्यागाचं फार कौतुक वाटलं. त्या वर्षी आत्या पुतणी आणि वहिनी यांच्या मधे बसून, दोन्ही दंड घट्ट धरलेल्या अवस्थेत, अजगरात तीनदा बसली. वहिनींना नंतर दोन दिवस जेवण गेलं नाही, पण त्यांनी पहारा सोडला नाही.

आत्या कुणाबरोबरही गेली नव्हती. ती अजगरात बसली होती. दादा घाबरला होता, म्हणून सामानापाशी तो बसला होता. पट्ट्यांच्या शर्टातल्या गृहस्थाला चक्कर आली होती, आणि त्याचं नाव तिनं विचारलंही नव्हतं.