दोन बोटं पाणी

जळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे कपडे धुवायची एक चिंचोळी जागा आहे. वॉशिंग मशीन, कपडे घासायचा दगड आणि मी, एवढे तिथे मावतो. दोन वर्षं या जागेचं पाणी खालच्या काकूंच्या ओट्यावर ठिबकत होतं. पहिल्या मिस्त्रीने जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली. दुसऱ्याने सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं आणि म्हणाला, ‘‘आता वीस वर्षं बघायला नको.’’ वीस दिवसांनी काकूंच्या पापडाच्या पिठात थेंब पडला.

तेव्हापासून जिन्यात भेटल्या की काकू माझ्याऐवजी विजेच्या मीटरकडे बघायच्या. माझ्या बाळंतपणात याच बाईंनी मला सव्वा महिना डिंकाचे लाडू पुरवले होते. त्यांचं ते मीटरकडे बघणं मला फार लागायचं.

तिसरे मिस्त्री आले ते चाचा. वय साठीच्या पुढे, बोलणं मोजकं. सगळी फरशी उखडून त्यांनी खालचा स्लॅब उघडा केला आणि गुडघ्यावर बसून बराच वेळ नुसतं बघितलं. मला राहवेना.

‘‘चाचा, फरशी तरी चांगली घ्यायची का यंदा?’’

‘‘फरशी म्हणजे कपडे, ताई. पाणी अडवते ती खालची कातडी. पहिले ती करू.’’

कातडी करायला त्यांनी पाच दिवस घेतले. सुटा माल छिन्नीने काढला, ब्रशने धूळ झाडली, पाइपाभोवतीच्या भेगा भरल्या. भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटची गोलाई काढली, ढाळ पाणी जायच्या जाळीकडे धरला. मग वॉटरप्रूफिंगचा राखाडी लेप, त्यात जाळीचं कापड, वाळल्यावर दुसरा हात आडवा. कापूस वेचावा तशा हलक्या हाताने ते ब्रश फिरवत. मी ऑफिसातून आले की रोज विचारायची, ‘‘झालं का?’’ ते रोज म्हणायचे, ‘‘वाळतंय.’’ बाहेर मे महिना पेटलेला, पापड मिनिटात वाळत होते आणि यांचा लेप काही वाळत नव्हता.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. नळ येण्याच्या दिवशी चाचांनी जाळीच्या तोंडात फडक्याचा घट्ट बोळा बसवला, दाराशी विटेची पाळ बांधली आणि चार बोटं पाणी भरलं. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली.

‘‘दोन दिवस कोणी हात लावायचा नाही. रेघ सोडून पाणी खाली गेलं, तर काम माझं कच्चं. सगळं फोडून पुन्हा करीन.’’

मी खाली जाऊन काकूंना सांगितलं. त्या मीटरकडे बघत म्हणाल्या, ‘‘बघू.’’

आता आमच्या अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा सगळा संसार धुळ्यात झाला. नळाला पाणी आलं की तिथे सणासारखी धावपळ व्हायची आणि मग पुढच्या पाण्यापर्यंत थेंबाथेंबाचा हिशेब. डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात, हा त्यांचा नेम जळगावातही सुटला नाही. पाहुण्याने अर्धा पेला पाणी टाकलं, तर त्या पाहुण्याकडे आणि पेल्याकडे आळीपाळीने बघतात. शिवाय चूक कबूल करणं त्यांच्या कुंडलीत नाही. भाजी खारट झाली तर मीठच खारट आलेलं असतं. माझ्याही कुंडलीत ते नाही, म्हणून तर बावीस वर्षं आमचं छान चाललंय.

ते दोन दिवस मी ऑफिसात आणि अक्का घरी एकट्या. संध्याकाळी घरात कूलरला रंगाच्या दुकानासारखा वास यायचा. कूलरच्या जाळ्या जुन्या झाल्या असतील म्हणून मी सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले आणि दारातच थांबले. पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं.

‘‘उन्हाने उडालं असेल,’’ मी म्हणाले.

‘‘ऊन अर्धं बोट पितं, ताई. दोन बोटं नाही पीत.’’

मी खाली धावले. काकूंनी स्टुलावर चढून छताला हात लावला. कोरडं! पण चाचा म्हणाले, पाणी भिंतीत शिरलं असेल, आज कोरडं आहे ते आठ दिवसांनी ठिबकेल. माझं डोकं फिरलं. दोन वर्षांचा सगळा राग मी त्या म्हाताऱ्या माणसावर काढला. ‘‘तुम्हीपण तसलेच निघालात! कातडी म्हणे!’’ आणखी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

चाचा घामाने भिजले होते. अक्कांनीच त्यांना हॉलमध्ये कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पेला रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘चाळीस वर्षांत माझं काम असं उतरलं नव्हतं. आता हात थकला असेल.’’ पिशवीतून छिन्नी-हातोडा काढून ते आत गेले, बोळा काढायला वाकले.

‘‘थांब रे भाऊ!’’

अक्का पाळीवर पाय देऊन आत उतरल्या आणि त्यांनी चाचांच्या हातातली छिन्नी धरली.

‘‘फोडू नको. तुन्हं काम पक्कं शे. पानी मी लिधं.’’

‘‘घेतलंत म्हणजे? कुठे गेलं?’’ मी ओरडलेच.

‘‘कूलरमा टाकं. एवढं पानी उगाच पडेल व्हतं, माले दखायनं नही.’’

नुसतं पडलेलं पाणी बघवलं नाही म्हणून दोन दिवस रोज दुपारी बादली-बादली. म्हणजे सकाळपासून आम्ही शोधत होतो ते पाणी चाचांच्याच अंगावर गार वारा होऊन येत होतं. चाचांनी अक्कांकडे बघितलं, कूलरकडे बघितलं, आणि पाळीवर बसून असे हसले की माझ्यामागून वर येऊन दारात उभ्या राहिलेल्या काकूपण हसायला लागल्या. अक्का मात्र हसत नव्हत्या. बावीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच मान खाली घालून उभं असलेलं बघत होते. एका कारागिराचा हात थकलाय असं त्याला वाटू नये, म्हणून त्यांनी चूक कबूल न करण्याचा आयुष्यभराचा नेम मोडला होता.

आता एक कबुली माझी राहिली होती.

‘‘चाचा, मी फार बोलले. माझी चूक झाली.’’

‘‘राहू द्या ताई,’’ ते डोळे पुसत म्हणाले, ‘‘वारा मात्र झकास होता.’’

पुढच्या नळाला पुन्हा रेघेपर्यंत पाणी भरलं. या वेळी अक्का स्वतः स्टूल टाकून दाराशी पहाऱ्याला बसल्या. मी मुद्दाम बादली घेऊन गेले, तर त्यांनी माझ्यावर लाटणं उगारलं. तिसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या जेमतेम अर्धं बोट खाली होतं, उन्हाने प्यायचं तेवढंच. काकूंचं छत कोरडं ठणठणीत होतं.

चाचा बोळा काढायला वाकले, तेवढ्यात खालून काकू वर आल्या. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या होत्या. मीटरकडे न बघता त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं आणि एक बादली माझ्या हातात दिली.

‘‘अक्कांसमोर एवढं पाणी सोडून देणार होतीस? भर आधी.’’