सोळा पानांची घडी

माझा धाकटा भाऊ बाइंडर आहे. सगळे त्याला चिकट्या म्हणतात. हाताला कायम खळ असते म्हणून, आणि एकदा डोक्यात काही घेतलं की सोडत नाही म्हणूनही. आयुष्यभर लोकांची पुस्तकं शिवली, पुठ्ठे चढवले, आणि त्याची स्वतःची मुलगी पुस्तकाकडे ढुंकून बघत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो. हुशार, गोड, पण एका जागी टिकेल तर शपथ! फोनवर एक व्हिडिओ अर्धा बघायचा, अंगठा फिरवायचा, की दुसरा. जेवताना फोन, वेणी घालताना फोन. मी ओरडले की म्हणते, "अगं आत्या, मी शिकतेय काहीतरी!" काय शिकते, कपाळ!

मग शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी भावाला समोर बसवून सांगितलं, "मुलीला एक उतारा शेवटपर्यंत वाचता येत नाही. अक्षरं कळतात, अर्थ हाती लागत नाही. पुढच्या वर्गात कसं झेपणार?" तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना. "ताई, पोर मागे पडली तर?" हे एकच टुमणं. वहिनी संध्याकाळपाळीला जाते, त्यामुळे ते ऐकायला मीच सापडते.

शेवटी त्याने युक्ती काढली. जाड पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकावर एक ठेवून शिवलेल्या. एका घडीला ते लोक फर्मा म्हणतात. वादळात सापडलेल्या जहाजाची एक गोष्ट त्याच्याकडे उसवून शिवायला आली होती. मालकाला विचारून त्याने तिचे सुटे फर्मे घरी आणले, रोज एकच द्यायचा असं ठरवून. फर्मा कुठेही संपतो, अगदी वाक्याच्या मध्यावरही. "व्हिडिओवाले असंच ऐनवेळी तोडतात ना? मग मीही तोडतो," म्हणाला. मला हसू आलं, पण पटलं.

आणि काय सांगू, लागू पडलं! बाप कामावरून आला की भिंगरी दारातच हात पुढे करायची. "बाबा, वाचला. मस्त आहे. पुढचा द्या ना!" चिकट्या असा खुलायचा की मलाच धास्ती वाटायची. इतकं सोपं कसं? पण त्याच्या आनंदावर विरजण कोण घालणार?

एका रविवारी तिचं अंथरूण आवरताना मी ते फर्मे सहज चाळले. पहिल्या दोनांत जहाज, लाटा, कप्तान. तिसऱ्यात कोंबड्या! कोंबड्यांचे रोग, खुराड्याची स्वच्छता, अंडी कमी का मिळतात. चौथ्यात पुन्हा जहाज. दुकानातल्या मेजावर दोन पुस्तकं शेजारी उसवलेली असणार. दोन्हींच्या तिसऱ्या फर्म्यावर खाली तीनचाच आकडा, आणि आमच्या शहाण्याने आकडा बघून उचलला, मजकूर नाही. चूक त्याची होती, पण मला खटकली ती वेगळीच गोष्ट. पोरीने कोंबड्याही "मस्त" म्हणून खपवल्या होत्या.

मी फर्मा भावाच्या हातात दिला. त्याचा चेहरा उतरला. त्याने तिला हाक मारली.

"तिसऱ्या घडीत काय होतं गं?"

"जहाज."

"आणि?"

ती आता थाप मारणार म्हणून मी चार शब्द सुनावायला तयारच होते.

"मी वाचलंच नाही, बाबा. एकही नाही. तीन ओळी वाचते, मग डोळे घसरतात. परत वर जाते, परत घसरतात. खरंच जमत नाही मला. तुम्ही इतके खूश होता, म्हणून..." आणि हुंदके देऊन रडायला लागली. मला वाटायचं पोर आळशी आहे. पोर घाबरली होती, आमच्यापेक्षा जास्त.

"रडू नकोस, राणी. मी वाचून दाखवतो, चल," म्हणत भावाने तिला जवळ घेतलं आणि पहिला फर्मा उघडला. एक परिच्छेद नीट झाला. मग आवाज रेंगाळला. फोन वाजला नव्हता, तरी हात खिशात गेला. फोन काढला, बघितला, ठेवला, आणि तो ओळ शोधू लागला. सापडेना.

भिंगरीचं रडणं थांबलं. "बाबा, तुमचेही घसरतात?"

त्याने फर्मा मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "हो गं."

तिने माझ्याकडे बघितलं. मला तर पुस्तक शेवटचं कधी हातात धरलं, आठवेना.

"मग मला शिकवणार कोण?"