ग्रीसच्या वासाचं फडकं

ग्रीसचा वास आला की माझ्या डाव्या कानात अजून कळ येते. मी होमगार्डमध्ये असताना सणासुदीच्या आधी बसस्टँडवर पोलिसांची हल्ल्याची रंगीत तालीम व्हायची, आणि तीत अतिरेकी दर वेळी आमच्यातलाच एक गॅरेजवाला मित्र व्हायचा. हे कधी कुणी ठरवलं नव्हतं. तोंडाला बांधायचं काळं फडकंही त्याच्याच गॅरेजात पडून असायचं. एकदा तालमीच्या दिवशी त्याचा रोजा होता, ऊन मरणाचं, म्हणून फडकं मी बांधलं. सुतळी बॉम्ब फुटला, मी लाकडी बंदूक घेऊन परळी गाडीच्या मागून पळालो, आणि पोलीस पोचायच्या आत लोकांनीच मला धरलं. त्यांना ते खरंच वाटलं. चपला, लाथा, रसवंतीवरचं उसाचं टिपरू. तोंडात रक्त आणि ग्रीस एकत्र झालं. जमादारानं फडकं ओढून काढलं तेव्हा एकानं मला ओळखलं आणि सगळे मागं सरले. "चुकलं दादा, आमाला काय म्हाईत," म्हणत कुणी पाणी दिलं, कुणी सदरा झटकला. नंतर नळावर मित्र माझा कान धुवत होता. म्हणाला, "मागल्या खेपेला माझं फडकं काढलं, तर लोकांनी दाढी बघून आजून दोन हाणल्या." आवाजात राग नव्हता. पुढच्या तालमीला जमादारानं फडकं मागितलं. मित्रानं ते खिशातून काढलं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी सुटली नव्हती, हे त्यानंही बघितलं.